वाजवलं तर उरतं : नेमे यॅर्वी यांची कारकीर्द

सोव्हिएत राजवटीत एखादी संगीतरचना नाहीशी करायची तर तिचे कागद जाळायची गरज नसे. कार्यक्रमपत्रिकेत ती आली नाही, रेडिओवर लागली नाही, वादकांच्या स्टँडवर तिच्या प्रती पोचल्या नाहीत, की काम झालं. कविता हाताने उतरवून मित्राला देता येते, दार लावून चार जणांत वाचता येते. ऐंशी वादक आणि मोठा गायकवृंद लागणारी रचना लपूनछपून वाजवता येत नाही. तिला सभागृह लागतं, तालमी लागतात, पगारी वादक लागतात, आणि ‘ही आपण वाजवायची’ असं ठरवून समोर उभा राहणारा एक माणूस लागतो. १९६० आणि ७० च्या दशकांत एस्टोनियात तो माणूस बहुतेक वेळा नेमे यॅर्वी असे. पुढे त्यांनी जगभरात सुमारे पाचशे ध्वनिमुद्रणं केली, स्वीडन, स्कॉटलंड आणि अमेरिकेतले वाद्यवृंद सांभाळले. त्या सगळ्या पसाऱ्याचं मूळ मला टॅलिनमधल्या त्या वर्षांत दिसतं. न वाजलेलं संगीत मरतं, हे ते तिथे शिकले, आणि ते कधी विसरले नाहीत.

एस्टोनिया बाल्टिक समुद्राच्या काठावर, फिनलंडच्या समोर आहे. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढं, लोकसंख्या तेरा लाखांच्या आसपास, म्हणजे नाशिक शहराहूनही कमी. डॅनिश, जर्मन, स्वीडिश, रशियन अशा सत्ता एकामागून एक येऊन गेल्या. १८६९ साली तार्तू शहरात पहिला गीतमहोत्सव भरला आणि तेव्हापासून एकत्र गाणं ही या लोकांची राजकीय सवयच झाली. १९१८ मध्ये स्वातंत्र्य मिळालं. १९४० मध्ये सोव्हिएत फौजा आल्या, १९४१ मध्ये जर्मन, १९४४ मध्ये पुन्हा सोव्हिएत.

राजधानी टॅलिनमधल्या एका इमारतीला या कथेत फार महत्त्व आहे. तिचं नावच ‘एस्टोनिया’. १९१३ मध्ये उघडलेल्या या वास्तूच्या एका अंगाला ऑपेराचं नाट्यगृह आणि दुसऱ्या अंगाला मैफलीचं सभागृह आहे. स्वतःचं राज्य मिळण्याआधी या लोकांनी स्वतःचं नाट्यगृह बांधलं होतं. ९ मार्च १९४४ च्या रात्री सोव्हिएत विमानांनी टॅलिनवर बाँब टाकले, तेव्हा तिथे एदुआर्द टुबिन या संगीतकाराच्या ‘क्राट्ट’ या बॅलेचा प्रयोग होता. वास्तू जळाली. टुबिन यांच्या नव्या चौथ्या सिंफनीचं हस्तलिखितही तिथेच होतं. ते हाती लागलं तेव्हा कागदांच्या कडा होरपळलेल्या होत्या. एप्रिलमध्ये ओलाव रोट्स यांनी रेडिओ वाद्यवृंदाकडून ती सिंफनी वाजवून घेतली. त्याच वर्षी सोव्हिएत फौजा परत येताहेत म्हटल्यावर हजारो एस्टोनियन लोक मिळेल त्या होडीने समुद्रापार निघाले. टुबिन स्टॉकहोमला पोचले. रोट्सही देश सोडून गेले आणि पुढे कोलंबियातल्या बोगोता शहरात तिथल्या राष्ट्रीय वाद्यवृंदाचे संचालक झाले. एका लहान देशाचं संगीत असं एका वर्षात जगभर विखुरलं.

नेमे यॅर्वी यांचा जन्म टॅलिनमध्येच, ७ जून १९३७ चा. बाँबहल्ल्याच्या वेळी ते सहा वर्षांचे होते. थोरला भाऊ वाल्लो त्यांच्याहून चौदा वर्षांनी मोठा, आणि तोही कंडक्टर. युद्धानंतर पुन्हा उभ्या राहिलेल्या ‘एस्टोनिया’ नाट्यगृहात वाल्लो यॅर्वी यांनी अनेक वर्षं काम केलं. त्यामुळे धाकट्याला ऑपेराचं घर आतून माहीत होतं. नेमे आधी झायलोफोन आणि तालवाद्यं शिकले, जोडीला गायकवृंदाचं संचालन. तालवाद्य वाजवणारा कंडक्टर झाला की लय त्याच्या अंगात असते, असं वादक मानतात. यॅर्वींच्या बाबतीत ते कानाला कळतं. त्यांच्या हाताखालचं संगीत फार क्वचित रेंगाळतं.

१९५५ ते १९६० ही पाच वर्षं त्यांनी लेनिनग्राडच्या कॉन्झर्व्हेटरीत काढली. निकोलाय राबिनोविच हे मुख्य गुरू, आणि दुसरे येव्गेनी म्राविन्स्की. म्राविन्स्की १९३८ पासून लेनिनग्राड फिलहार्मोनिकचे प्रमुख होते, शोस्ताकोविचची पाचवी सिंफनी पहिल्यांदा त्यांनीच वाजवली होती. त्यांची शिस्त कडक. शेकडो वेळा वाजवलेली रचनाही ते पहिल्यापासून तालमीला घेत. त्याच वर्षांत लेनिनग्राडचे दरवाजे थोडे किलकिले झाले होते. १९५५ च्या डिसेंबरात एका अमेरिकन मंडळीने तिथे गर्श्विनचा ‘पोर्गी अँड बेस’ सादर केला, १९५६ मध्ये बॉस्टन सिंफनी आली, १९५९ मध्ये कंडक्टर बर्नस्टाइन यांच्यासह न्यूयॉर्क फिलहार्मोनिक. एका विद्यार्थ्याच्या पाच वर्षांत एवढं बाहेरचं वारं आलं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

१९६३ साली, सव्विसाव्या वर्षी, यॅर्वींकडे दोन मोठी पदं एकदम आली. एस्टोनियन रेडिओच्या वाद्यवृंदाचं, म्हणजे आजच्या एस्टोनियन राष्ट्रीय सिंफनी वाद्यवृंदाचं प्रमुखपद आणि ‘एस्टोनिया’ ऑपेराचं प्रमुखपद. दोन्ही एकाच इमारतीत, पण काम अगदी निराळं. मैफलीत संचालकासमोर फक्त वादक असतात. ऑपेरात वादक खाली खड्ड्यात, गायक वर रंगमंचावर, आणि गायकाचा श्वास संपायच्या आत वादकांना सावध करायचं. एखादा गायक दोन मात्रा आधी शिरला तर ऐंशी जणांना क्षणार्धात त्याच्याबरोबर उडी मारायला लावायची. यॅर्वी पुढे आयुष्यभर मैफलीत ऐनवेळी लय बदलत, तालमीत न केलेलं काहीतरी करून पाहत, आणि वादक त्यांच्यामागे जात. ही सवय मला ऑपेराच्या खड्ड्यातली वाटते.

ऑपेरात त्यांनी निवडलेल्या कलाकृती पाहण्यासारख्या आहेत. वेर्दी आणि चायकोव्स्की होतेच. पण रिचर्ड स्ट्राउसचा ‘डेअर रोझेनकाव्हलिअर’, रोसिनीचा ‘इल तुर्को इन इतालिया’ आणि गर्श्विनचा ‘पोर्गी अँड बेस’ हे सोव्हिएत रंगमंचावर सहसा न दिसणारे तिन्ही ऑपेराही त्यांच्या हाताखाली उभे राहिले. ‘पोर्गी’ अमेरिकनांनी आणून दाखवला होता, सोव्हिएत मंडळींनी स्वतः तो केला नव्हता. मॉस्को किंवा लेनिनग्राडच्या मोठ्या नाट्यगृहांनी तो मान घेतला नाही, टॅलिनने घेतला. सीमेवरच्या छोट्या शहराला कधी कधी मिळणारं हे स्वातंत्र्य होतं: मॉस्कोची नजर तिथे जरा उशिरा पोचे. यॅर्वींच्या आधी रेडिओ वाद्यवृंद सांभाळणारे रोमान मात्सोव हेही याच वाटेने गेलेले धाडसी गृहस्थ होते. यॅर्वींनी ती वाट रुंद केली.

नजर पोचली ती १९६८ मध्ये.

आर्वो पॅर्ट हे यॅर्वींहून दोन वर्षांनी मोठे. आज त्यांचं संगीत जगभर वाजतं, चित्रपटांतून ऐकू येतं. तेव्हा ते टॅलिनच्या रेडिओत ध्वनितंत्रज्ञाची नोकरी केलेले तरुण संगीतकार होते, आणि १९६० मधल्या ‘नेक्रोलॉग’ या रचनेबद्दल मॉस्कोतल्या संगीतकार संघाच्या प्रमुखाकडून जाहीर बोलणी खाऊन बसले होते. १९६८ मध्ये त्यांनी पियानो, गायकवृंद आणि वाद्यवृंद यांच्यासाठी ‘क्रेडो’ लिहिलं. लॅटिन शब्दांत सुरुवात होते: येशू ख्रिस्तावर माझी श्रद्धा आहे. निरीश्वरवाद हेच सरकारी धोरण असलेल्या देशात, प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरून तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, हे वाक्य मोठ्या गायकवृंदाने गायचं होतं.

रचना जेमतेम बारा-तेरा मिनिटांची आहे, पण तिची बांधणी नीट पाहावी अशी आहे. गायकवृंद स्वच्छ, उजळ सी मेजरमध्ये श्रद्धेचं वाक्य गातो आणि पियानोवर बाखचं सी मेजरमधलं प्रसिद्ध प्रेल्यूड उमटतं, ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअर’ या संग्रहातलं पहिलंच. मग शब्द येतात, डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात. इथून संगीत बिघडू लागतं. बारा सुरांची एक ओळ सुरू होते, ती दाटत जाते, आणि अखेर वादकांना ठरावीक स्वरच उरत नाहीत. ज्याला जे सुचेल ते तो वाजवतो, गायक ओरडतात, पूर्ण कल्लोळ होतो. हा सूडाचा आवाज. त्याच्या शेवटी ख्रिस्ताचं दुसरं वाक्य येतं, वाइटाला वाइटाने उत्तर देऊ नका. कल्लोळ ओसरतो आणि पियानोवर, अगदी वरच्या सप्तकात, बाखचं तेच प्रेल्यूड परत येतं. ज्या सभागृहात बसलेल्या बहुतेकांच्या घरातलं कुणी ना कुणी सायबेरियात पाठवलं गेलं होतं, तिथे हे ऐकणं काय असेल, याचा अंदाज करता येतो.

सोव्हिएत पद्धतीत नवी रचना आधी संगीतकार संघापुढे ठेवून संमती घ्यायची असे. यॅर्वींनी ती पायरी टाळली. १६ नोव्हेंबर १९६८ रोजी ‘एस्टोनिया’च्या सभागृहात ‘क्रेडो’ वाजलं. श्रोत्यांना ते इतकं भिडलं की त्याच संध्याकाळी ती रचना पुन्हा पूर्ण वाजवावी लागली. दुसऱ्या दिवसापासून चौकशा सुरू झाल्या. हे कुणी मंजूर केलं, संगीतकाराचा राजकीय हेतू काय होता, असे प्रश्न विचारले गेले, आणि कार्यक्रमाच्या व्यवस्थापनातल्या काहींना नोकरी गमवावी लागली. ‘क्रेडो’वर लेखी बंदी आली नाही, ते कार्यक्रमांत येणं थांबलं, एवढंच. पॅर्ट यांनी पुढची काही वर्षं जवळपास मौनात घालवली, मध्ययुगीन गायकीचा अभ्यास केला. त्या काळातली त्यांची एकच मोठी रचना म्हणजे १९७१ ची तिसरी सिंफनी. ती त्यांनी नेमे यॅर्वींना अर्पण केली आहे.

यॅर्वींची नोकरी वाचली. त्याच वर्षी, १९७१ मध्ये, रोमच्या सांता चेचीलिया अकादमीच्या संचालन स्पर्धेत त्यांना पहिलं पारितोषिक मिळालं आणि पश्चिमेकडून आमंत्रणं येऊ लागली. पण आमंत्रण कलाकाराकडे येत नसे, ते मॉस्कोतल्या गोसकॉन्त्सेर्त या सरकारी संस्थेकडे जाई. ती संस्था ठरवणार कुणी जायचं, कुठे जायचं. मानधनाचा मोठा वाटा ती ठेवून घेणार, आणि कुटुंबाने मागे राहायचं, म्हणजे कलाकार परत येईल. १९७९ मध्ये यॅर्वींनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात चायकोव्स्कीचा ‘येव्गेनी ओनेगिन’ करून पदार्पण केलं. तिथे काय शक्य आहे आणि घरी काय शक्य नाही, हे एव्हाना पुरेसं स्पष्ट झालं होतं.

जानेवारी १९८० मध्ये ते पत्नी लिलिया आणि तीन मुलांसह देश सोडून अमेरिकेला गेले. थोरला पावो सतरा वर्षांचा, धाकटा क्रिस्त्यान सात वर्षांचा, मधली मारिका, जी पुढे बासरीवादक झाली. आर्वो पॅर्टही त्याच महिन्यात कुटुंबासह व्हिएन्नाला गेले. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा नुकत्याच शिरल्या होत्या, मॉस्को ऑलिंपिकमधल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतींसाठी टॅलिन रंगरंगोटी करून घेत होतं, आणि देशाचा सगळ्यात मोठा संगीतकार आणि सगळ्यात मोठा कंडक्टर एका महिन्यात निघून गेले. यॅर्वींची जुनी ध्वनिमुद्रणं एस्टोनियाच्या रेडिओवर लागेनाशी झाली. टॅलिनचं संगीत मात्र थांबलं नाही, ही नोंद करायलाच हवी: ऑपेरा १९७५ पासूनच एरी क्लास यांच्याकडे होता आणि वाद्यवृंद पेएटर लिल्ये यांनी सांभाळला. मागे राहिलेल्यांनीही मोठं काम केलं. देश सोडणाऱ्यांच्या कथा लिहिताना हे निसटून जातं.

बेचाळिसाव्या वर्षी यॅर्वी न्यूयॉर्कला पोचले. लवकरच त्यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसमोर पदार्पण केलं. तेव्हा त्या वाद्यवृंदाचे संगीत संचालक आपल्या मुंबईचे झुबिन मेहता होते. अमेरिकेत घर झालं, पण पहिलं कायमचं काम मिळालं समुद्रापलीकडे, स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोथेनबर्ग बंदरात. तिथला वाद्यवृंद १९०५ मध्ये स्थापन झालेला. विल्हेल्म स्टेनहामार हा स्वीडिश संगीतकार १९०७ ते १९२२ त्याचा प्रमुख होता. १९३५ मध्ये बांधलेलं सभागृह आवाजाच्या गुणासाठी नावाजलेलं. पण १९८२ मध्ये यॅर्वी रुजू झाले तेव्हा स्वीडनबाहेर या वाद्यवृंदाचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. ते तिथे २२ वर्षं राहिले, वाद्यवृंदाच्या इतिहासात सर्वांत जास्त. गावातल्याच व्होल्वो कंपनीचं पाठबळ त्यांनी मिळवलं आणि वादकांची संख्या ८० वरून ११० वर गेली.

गोथेनबर्गचा खरा ठेवा म्हणजे ध्वनिमुद्रणं. बीआयएस या लहानशा स्वीडिश कंपनीसाठी त्यांनी सिबेलियसच्या वाद्यवृंद रचना समग्र वाजवल्या, सात सिंफन्या आणि त्यांच्यामागे झाकल्या गेलेल्या कितीतरी लहान रचना. स्टेनहामार वाजवला, नील्सन वाजवला, बेर्वाल्ड वाजवला, डॉइचे ग्रामोफोन या जर्मन कंपनीसाठी ग्रीगचं सगळं वाद्यवृंद संगीत केलं. ‘पेअर गिंट’च्या दोन-तीन लोकप्रिय तुकड्यांपलीकडे त्या नाटकाला ग्रीगने किती संगीत दिलं होतं, हे अनेकांना त्यांच्याच ध्वनिमुद्रणातून पहिल्यांदा कळलं.

पण सगळ्यात आधी त्यांनी हाती घेतले ते टुबिन. स्टॉकहोममध्ये टुबिन द्रॉटनिंगहोमच्या जुन्या राजनाट्यगृहासाठी जीर्ण ऑपेरांच्या संहिता दुरुस्त करून पोट भरत होते. रात्री स्वतःच्या सिंफन्या लिहीत होते. दहा पूर्ण केल्या, अकरावी अपुरी राहिली. स्वीडनला ते परके, सोव्हिएत एस्टोनियाला पळून गेलेले. पुढे टॅलिनने त्यांना थोडं जवळ केलं, ‘एस्टोनिया’ नाट्यगृहाने त्यांच्याकडून ऑपेराही लिहून घेतला, पण जगाला ते ठाऊक नव्हते. यॅर्वींनी बीआयएससाठी त्यांच्या सिंफन्या एकेक करून ध्वनिमुद्रित केल्या, जो वाद्यवृंद तयार होईल त्याच्याकडून: गोथेनबर्ग, स्वीडिश रेडिओ, जर्मनीतलं बांबेर्ग, नॉर्वेतलं बर्गन. बर्गनच्या वाट्याला चौथी आली. कडा होरपळलेल्या त्या हस्तलिखिताची डागडुजी टुबिन यांनी १९७८ मध्ये, म्हाताऱ्या वयात, केली होती. मालिका सुरू झालेली त्यांना पाहता आली. नोव्हेंबर १९८२ मध्ये ते गेले.

टुबिन यांच्या पाठोपाठ इतर एस्टोनियन संगीतकार आले. १९८४ ते १९८८ यॅर्वी स्कॉटिश नॅशनल ऑर्केस्ट्राचे प्रमुख होते. ग्लासगोच्या वादकांकडून त्यांनी हाइनो एलर (टुबिन आणि पॅर्ट या दोघांचेही गुरू), आर्टुर लेम्बा, वेल्यो टोर्मिस अशांच्या रचना चँडोस कंपनीसाठी वाजवून घेतल्या. तेव्हा एस्टोनिया नावाचा देश नकाशावर नव्हता. सोव्हिएत संघाच्या पंधरा प्रजासत्ताकांपैकी ते एक नाव होतं. त्या काळात ग्लासगोतून निघालेल्या तबकडीवर ‘एस्टोनियाचं संगीत’ असं छापलं जाणं ही राजकीय कृती होती, आणि यॅर्वींना ती तशी करायची होती, यात मला शंका नाही.

स्कॉटलंडमध्येच त्यांनी प्रोकोफिएव्हच्या सिंफन्यांची मालिका केली. तिच्यातल्या सहाव्या सिंफनीला ‘ग्रामोफोन’ या ब्रिटिश संगीतमासिकाचा १९८५ चा पुरस्कार मिळाला, आणि ज्या रचनेकडे लोक पाचवीची पडेल जोड म्हणून पाहत होते तिची किंमत वाढली.

इतकं ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो खोटा नाही. पाचशेंपैकी सगळी उत्तम नाहीत. काही घाईची आहेत, काहींत वाद्यवृंद रचना पहिल्यांदाच वाचतोय हे ऐकू येतं. म्राविन्स्कींचा शिष्य असून यॅर्वींनी गुरूच्या अगदी उलटी वाट धरली: तालीम कमी, वाजवणं जास्त. म्राविन्स्कींनी आयुष्यभरात निवडक रचना पुन्हा पुन्हा घासल्या, आणि त्या अजोड आहेत. पण म्राविन्स्कींना लेनिनग्राड होतं, जगातला सर्वोत्तम म्हणावा असा वाद्यवृंद होता, आणि ते जे वाजवत होते ते विसरलं जाण्याची भीती नव्हती. चायकोव्स्कीला कुणाची गरज नाही. टुबिनला होती. लहान भाषेत जन्मलेल्या माणसाने परिपूर्णतेची वाट पाहत बसावं की मिळेल त्या वादकांकडून आज वाजवून ठेवावं, या प्रश्नाचं उत्तर यॅर्वींनी फार लवकर ठरवलं होतं. मला ते उत्तर बरोबर वाटतं.

तेच उत्तर त्यांनी १९९० मध्ये डेट्रॉइटला नेलं. मोटारींचं हे शहर तेव्हा उतरणीला लागलं होतं, वस्ती घटत होती, वाद्यवृंद पैशांच्या अडचणीत होता. वाद्यवृंदाचं ऑर्केस्ट्रा हॉल हे जुनं सभागृह १९१९ मध्ये चारेक महिन्यांत बांधलं गेलं होतं, कारण तेव्हाचे संचालक ओसिप गाब्रिलोविच यांनी सभागृह नसेल तर मी राहणार नाही असं बजावलं होतं. मंदीत वाद्यवृंदाला ते १९३९ मध्ये सोडावं लागलं. १९४१ पासून दहा वर्षं तिथे पॅराडाइज थिएटर या नावाने जॅझ वाजलं. ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी, शहरातल्या कृष्णवर्णीय वस्तीचं ते आवडतं ठिकाण होतं. मग ओस पडलं. १९७० मध्ये पाडायला निघालेल्या या वास्तूसाठी वाद्यवृंदातल्या बसूनवादक पॉल गॅन्सन यांनी लोक गोळा केले आणि ती वाचवली. १९८९ मध्ये वाद्यवृंद तिथे परतला, आणि पुढच्या वर्षी यॅर्वी आले.

अमेरिकन वाद्यवृंदाने बेटहोवन आणि ब्राह्म्स वाजवावेत अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. या एस्टोनियन माणसाने डेट्रॉइटला अमेरिकेचंच विसरलेलं संगीत वाजवायला लावलं. एमी बीच यांची १८९६ ची ‘गेलिक’ सिंफनी, विल्यम ग्रँट स्टिल यांची ‘अफ्रो-अमेरिकन’ सिंफनी, विल्यम डॉसन यांची १९३४ मधली ‘निग्रो फोक सिंफनी’. आज अमेरिकेतले अनेक मोठे वाद्यवृंद या रचनांकडे वळले आहेत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या शोधाव्या लागत. आणि ड्यूक एलिंग्टन यांच्या ‘द रिव्हर’ आणि ‘हार्लेम’ या वाद्यवृंद रचना ध्वनिमुद्रित झाल्या त्या एकेकाळी एलिंग्टन स्वतः वाजवून गेलेल्या सभागृहाच्या वाद्यवृंदाकडून. डेट्रॉइटमध्ये ते २००५ पर्यंत राहिले. श्रोत्यांशी त्यांचं जमलं होतं. मुख्य कार्यक्रम संपला की ते पाठ फिरवून लगेच एखादी छोटी रचना सुरू करत, बहुधा लोकांनी कधी न ऐकलेली.

त्यांचं काम पाहताना जाणवतं की त्यांचे हात फार कमी हलतात. मोठ्या चढावर एखादा खांदा उडतो, भुवई वर जाते. कधी ते ताल धरणंच थांबवतात, हात खाली सोडून वादकांकडे बघत उभे राहतात आणि वाद्यवृंद आपल्या आपण पुढे जातो. मग एखाद्या प्रवेशाला फक्त बोट.

२००१ च्या जुलैमध्ये एस्टोनियातल्या पॅर्नू या समुद्रकाठच्या गावी असताना त्यांना मेंदूच्या रक्तवाहिनीचा गंभीर आघात झाला. उपचार हेलसिंकीत झाले. ते सावरले आणि व्यासपीठावर परतले. त्या पॅर्नूत एव्हाना त्यांनी तरुण कंडक्टरांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केले होते. पुढे पावोच्या पुढाकाराने तिथे मोठा महोत्सव उभा राहिला. पावो यॅर्वी आज स्वतः जगातल्या आघाडीच्या कंडक्टरांपैकी आहेत. सिनसिनाटी, फ्रँकफर्ट, पॅरिस, टोकियो आणि झुरिक असे वाद्यवृंद त्यांनी सांभाळले. एस्टोनियन वाद्यवृंद आणि गायकवृंदांबरोबरच्या सिबेलियसच्या कँटाटांसाठी २००४ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं, एस्टोनियाचं पहिलं. धाकटे क्रिस्त्यानही कंडक्टरच.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस एस्टोनियात लाखो लोक मैदानांवर जमून बंदी असलेली देशभक्तीची गाणी म्हणू लागले, सोव्हिएत पकड सैल झाली आणि यॅर्वींना मायदेशी वाजवण्याचा मार्ग मोकळा झाला. २० ऑगस्ट १९९१ रोजी देश पुन्हा स्वतंत्र झाला. त्यानंतरच्या कामातलं मला एक विशेष वाटतं. रुडॉल्फ टोबियास या संगीतकाराचं ‘योनाचं कार्य’ हे गायक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीचं भव्य ओराटोरिओ १९०९ मध्ये लाइपझिगला एकदा वाजून जवळपास विस्मृतीत गेलं होतं. पियानोवादक आणि अभ्यासक वार्दो रुमेसेन यांनी विस्कटलेल्या हस्तलिखितांतून ते जुळवलं, १९८९ मध्ये पेएटर लिल्ये यांनी ते टॅलिनमध्ये वाजवलं आणि १९९५ मध्ये यॅर्वींनी त्याचं ध्वनिमुद्रण केलं. एकाने कागद जुळवले, दुसऱ्याने वाजवलं, तिसऱ्याने जगापर्यंत पोचवलं.

डेट्रॉइटनंतर न्यू जर्सी, हेग आणि जिनिव्हा इथले वाद्यवृंद त्यांनी पाहिले. २०१० मध्ये, देश सोडल्यानंतर तीस वर्षांनी, त्र्याहत्तराव्या वर्षी ते आपल्या जुन्या एस्टोनियन वाद्यवृंदाचे पुन्हा प्रमुख झाले आणि २०२० मध्ये ते पद ओलारी एल्ट्स यांच्या हाती देईपर्यंत राहिले. २०१८ मध्ये ‘ग्रामोफोन’ने त्यांना जीवनगौरव दिला.

यॅर्वी ऐकायचे असतील त्यांनी बेटहोवनपासून सुरुवात करू नये. बेटहोवन दुसरे पुष्कळ जण चांगला वाजवतात. बर्गनची टुबिन यांची चौथी आधी ऐकावी, मग डेट्रॉइटचा डॉसन, आणि मग लंडनच्या फिलहार्मोनिया वाद्यवृंदाबरोबर त्यांनी नव्वदच्या दशकात ध्वनिमुद्रित केलेलं पॅर्ट यांचं ‘क्रेडो’. तिन्ही मिळून दीड तासाच्या आत ऐकून होतात.